पोटदुखी गॅसवर न ढकलणारं हॉस्पिटल, लातूर (५ पैकी ४ स्टार)

आमच्या आबांना इथं रात्री इमर्जन्सीत आणलं होतं, आता घरी आहेत, जेवायलेत, म्हणून निवांत बसून लिहायलोय. रिव्ह्यू मोठा झालाय पण ज्यांच्या घरी म्हातारं माणूस आणि हार्टचा पेशंट आहे त्यांनी पूर्ण वाचा.

दुपारी जेवण झालं आणि एकदम बेंबीच्या आसपास कळ सुरू झाली, एक उलटी, एकदा संडास, आणि मग नुसतं तळमळणं. गावाकडं ॲसिडिटीचं इंजेक्शन दिलं, मग तालुक्याला सोनोग्राफी केली तर "गॅस लई आहे, बाकी काही दिसत नाही" असा रिपोर्ट. घरी न्या म्हणले. आबा कधी कण्हणारा माणूस नाही, इंगळी चावली तरी गप बसणारा, तो माणूस गाडीत पाय पोटाशी घेऊन ओरडत होता.

इथं कॅज्युअल्टीला एक तरुण डॉक्टर मॅडम होत्या. त्यांनी पोट चारी बाजूंनी दाबून बघितलं, पोट एकदम मऊ. मग नाडीवर बोट ठेवून बराच वेळ उभ्या राहिल्या आणि विचारलं, "ठोके आधीपासून असे अनियमित आहेत का?" आबांची हार्टची झडप आवळलेली आहे हे आधीच माहीत होतं, रक्त पातळ करायची गोळी होती पण ती संपल्यावर त्यांनी परत आणलीच नव्हती. मॅडम म्हणल्या पोट मऊ आहे आणि दुखणं एवढं भयंकर, हे जुळत नाही, आतड्याचा रक्तपुरवठा बंद झाला असेल, आत्ताच सीटी अँजिओ, म्हणजे रक्ताच्या नळ्या दाखवणारा स्कॅन, करायचा. माझ्यासाठी सगळा रिव्ह्यू या एका वाक्यात आहे. क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनीच्या रक्ततपासणीचा, रिपोर्ट यायचा होता, तरी थांबल्या नाहीत, स्कॅनसाठी शिरेतून देतात त्या डायने किडनीला थोडा धोका असतो पण थांबलो तर आतडं जाईल हे सरळ तोंडावर सांगितलं आणि सही घेतली.

सीटीत आतड्याच्या मोठ्या धमनीत, सुपिरिअर मेसेंटेरिक आर्टरी म्हणतात तिला, रक्ताची गाठ अडकलेली दिसली. हार्टमध्ये रक्त नीट फिरत नाही, तिथं गाठ होते आणि ती सुटून खाली येऊन बसते. सर्जन सरांनी केसपेपरच्या मागच्या बाजूला पेनानं चित्र काढून दाखवलं, की जवळजवळ सगळं लहान आतडं आणि मोठ्या आतड्याचा अर्धाअधिक भाग या एकाच नळीवर जगतो. मांजरा धरणाच्या मेन कालव्याचं गेट बंद झालं की खालच्या शेतांचं जे होतं तेच. काही तासात आतडं काळं पडायला लागतं, आणि उशीर झाला तर निम्म्याहून जास्त पेशंट वाचत नाहीत. तेवढ्यात रक्त गोठू न देणारं हेपॅरिन चालू केलेलं होतं, थिएटर उघडायला लावलेलं होतं.

ऑपरेशनमध्ये बारीक नळी धमनीत घालतात, टोकाला छोटा फुगा असतो, तो गाठीच्या पलीकडं नेऊन फुगवायचा आणि गाठीसकट ओढून काढायचा. रक्त परत सुरू झाल्यावर बाकी आतडं लाल झालं पण एक तुकडा गेलेलाच होता, तो कापावा लागला. नंतर परत पोट उघडून बघितलं, आम्ही घाबरलो होतो की काही बिघडलं का, पण सरांनी आधीच सांगितलेलं की ज्या भागाचा भरवसा नाही तो दुसऱ्या दिवशी बघायचाच असतो, त्यात चूक झाली असं काही नसतं.

आयसीयूच्या सिस्टर लोकांना मनापासून धन्यवाद. आबांना पाणी प्यायची परवानगी नव्हती, तर ओल्या कापसानं ओठ पुसायच्या आणि "आबा, थोडं थांबा" म्हणून समजावायच्या, रात्री तीनला पण.

एक स्टार कापला तो ऑफिससाठी. योजनेच्या काउंटरवर रात्री माणूस नसतो, रेशन कार्ड आणि आधार हातात घेऊन आम्ही सकाळपर्यंत डिपॉझिट भरत बसलो, आणि मेडिकलवाला प्रत्येक चिठ्ठीला आधी पैसे मागतो. नातेवाईकांना बसायला जागा नाही, जिन्यातच झोपावं लागतं. एवढे चांगले डॉक्टर ठेवलेत तर खाली एक माणूस रात्रीचा बसवायला काय हरकत आहे.

डिस्चार्जच्या वेळी डाएट आणि गोळीचं नीट समजावलं. झडपेमुळं आबांना रक्त पातळ करायची जुनीच गोळी आहे, तिला आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय ते, तपासत राहावं लागतं, २ ते ३ च्या मधे ठेवायचा. मेथी पालक बंद नाही, पण एक दिवस पातेलंभर आणि मग आठवडाभर काहीच नाही असं चालत नाही. गुडघे दुखले म्हणून मनानं पेनकिलर तर अजिबात नाही. गोळीचा डबा आता आमची आई स्वतःकडं ठेवते.

फॉलोअपला येणार असाल तर आयएनआरचं रक्त सकाळी लवकर द्या, रिपोर्ट दुपारच्या ओपीडीच्या आत हातात मिळतो. उशिरा गेलात तर परत दुसऱ्या दिवशी चक्कर पडते.