तिकिटांवरची उचल आणि विटांचे कर्ज: लीड्स व आर्सेनल

रावेर-यावल पट्ट्यात घड झाडावर असतानाच केळीवर उचल घेणारा शेतकरी सर्वांच्या परिचयाचा आहे. इंग्लंडमधील लीड्स युनायटेड या फुटबॉल क्लबने नेमके तेच केले. पुढील हंगामांच्या तिकीटविक्रीच्या भरवशावर क्लबने 6 कोटी पौंड उभे केले आणि 2001 मध्ये चॅम्पियन्स लीगची, म्हणजे युरोपातील अव्वल क्लबांच्या स्पर्धेची, उपांत्य फेरीही गाठली. मात्र सारा हिशेब त्या स्पर्धेतील पात्रतेवर बेतलेला असल्याने, पात्रता हुकताच 2002 मध्ये बचावपटू रिओ फर्डिनांडला विकावे लागले, 2004 मध्ये संघ प्रीमियर लीग या अव्वल श्रेणीतून बाहेर पडला आणि 2007 मध्ये थेट तिसऱ्या श्रेणीत घसरला.

कर्ज लंडनच्या आर्सेनल क्लबनेही काढले, तेही लहान नव्हे. परंतु ते 2006 मध्ये खुल्या झालेल्या सुमारे 60,000 आसनांच्या स्टेडियमसाठी होते, म्हणजे दर सामन्याला उत्पन्न देणाऱ्या वस्तूसाठी. त्याची किंमत चाहत्यांनी मोजली: आघाडीचा खेळाडू तिएरी आँरी 2007 मध्ये बार्सिलोनाला गेला आणि 2005 नंतरचा पुढचा करंडक थेट 2014 मध्ये मिळाला. तरीही त्या काळात चॅम्पियन्स लीगची पात्रता एकदाही हुकली नाही, म्हणून माझा कल आर्सेनलकडे आहे.

भुसावळातील आमच्या छोट्या संघाच्या वहीत एका पानावर गोलपोस्टच्या जाळीचा खर्च आहे, तर समोरच्या पानावर एका स्पर्धेपुरत्या बाहेरून आणलेल्या स्ट्रायकरचे मानधन. जाळी अजून वापरात आहे; स्ट्रायकर उपांत्यपूर्व सामन्यानंतर परतला.