ब्राउलाइन फ्रेम घेताना: स्क्रूची, दोरीची की साच्यातली?

ब्राउलाइन चष्म्याची अडचण ही की तीन वेगळ्या जातींच्या फ्रेम्स समोरून अगदी सारख्या दिसतात. वर जाड, गडद भुवई, खाली बारीक सोनेरी किंवा रुपेरी कड, कोपऱ्यात दोन चकचकीत ठिपके. फोटोवरून तर काहीच कळत नाही. फ्रेम उलटी करून पाठीमागून पाहिली की मात्र दोन मिनिटांत जात ओळखता येते. म्हणून इथे पाठीचीच चर्चा जास्त आहे.

या घाटाचा उगम पाहिला तर नेमकं काय तपासायचं ते लगेच लक्षात येतं. १९४७ साली अमेरिकेतल्या शुरॉन कंपनीने ‘रॉन्सर’ ही फ्रेम बाजारात आणली. कल्पना कंपनीचे उपाध्यक्ष जॅक रोअरबॅक यांची. भुवया, ब्रिज (नाकावरून दोन्ही काचांना जोडणारा भाग) आणि काचेभोवतीची धातूची रिम हे सगळे भाग वेगवेगळे होते, त्यामुळे गिऱ्हाइकाच्या नाकाचं माप आणि आवडीचा रंग पाहून ते जुळवता येत. १९५० च्या दशकात अमेरिकेत या चष्म्याने अक्षरशः धुमाकूळ घातला, मग तो मागे पडला, आणि १९८० च्या दशकात रे-बॅनच्या क्लबमास्टरने त्याला पुन्हा फॅशनमध्ये आणलं. म्हणजे मुळात ही सुटी होणारी, दुरुस्त होणारी वस्तू आहे. आज ‘रेट्रो’ म्हणून जे मिळतं, त्यात हा गुण किती उरला आहे यावरच माझं निम्मं मत बनतं.

तीन जाती

पहिली, खरी जोडफ्रेम. धातूचा पूर्ण सांगाडा, काच चारही बाजूंनी रिममध्ये बसलेली, आणि भुवई वरून स्क्रूने आवळलेली. भुवई काढून ठेवली तरी चष्मा घालता येईल, इतका सांगाडा स्वतंत्र असतो.

दुसरी दोरीची. इथे वरची भुवई हीच फ्रेम असते आणि खालून काच नायलॉनच्या बारीक दोरीवर तोललेली असते. दोरी बसावी म्हणून काचेच्या कडेला खाच पाडतात. काही फ्रेम्समध्ये या दोरीवर धातूच्या रंगाची पट्टी चढवून रिमचा आभास निर्माण केलेला असतो.

तिसरी साच्यातली. प्लास्टिक वितळवून साच्यात ओतायचं, खालच्या अर्ध्या भागाला धातूचा रंग मारायचा किंवा एक पातळ तार दाबून बसवायची. ही फ्रेम वाईटच असते असं नाही. वजनाला हलकी, पडली तरी सहसा फुटत नाही, हौसेचा दुसरा जोड म्हणून उत्तम. फक्त तिला जोडफ्रेमची किंमत मोजू नये.

ओळखायचं कसं? भुवईच्या मागे, नाकाच्या बाजूला आणि काडीच्या बाजूला स्क्रूची डोकी दिसतात का ते पाहा. दिसली तर बहुतेक पहिली जात. काचेच्या खालच्या कडेवर नख फिरवा, दोरी असेल तर लगेच जाणवते. आणि मागून सगळं सलग, एकाच रंगाचं, मध्ये साच्याची बारीक रेघ दिसत असेल तर तिसरी.

भुवई आणि धातू जिथे भेटतात

सगळी कारागिरी इथे उघडी पडते. भुवईचं नाकाकडचं टोक दोन बोटांत धरून अगदी हलकं वर-खाली करून पाहा. टोक हललं, किंचित ‘टिक’ असा आवाज आला, तर स्क्रू ढिला आहे किंवा भुवईची आतली खाच रिमच्या वळणाशी जुळत नाही. ढिला स्क्रू आवळता येतो. चुकीच्या वळणाला इलाज नाही. आवळत गेलात तर प्लास्टिकवर ताण येतो आणि काही महिन्यांनी स्क्रूच्या भोकापासून तडा जायला लागतो.

मग फ्रेम उजेडासमोर धरून वरून खाली पाहा. भुवई आणि रिम यांच्यातली फट दोन्ही डोळ्यांवर सारखी हवी. एका बाजूला केसभर आणि दुसऱ्या बाजूला कागद जाईल एवढी, असं असेल तर ती फ्रेम परत ठेवा. हा नुसता देखणेपणाचा मुद्दा नाही. कपाळाचा घाम आणि त्वचेचं तेल नेमकं याच फटीत मुरतं, मुलामा आतून खातं, आणि धातूत तांबं असेल तर हिरवट थर बाहेर डोकावतो. हा थर वरून पुसून जात नाही, भुवई काढूनच साफ करावा लागतो. भुवई सुटी होणारी असण्याचा खरा फायदा इथे कळतो. जी फ्रेम भुवई चिकटवून बनवली आहे, तिच्यात ही घाण कायमची आत राहते.

दोरीच्या फ्रेममध्ये ही फटच नाही, त्यामुळे स्वच्छतेत ती सरस. तिथला कळीचा मुद्दा दोरीची टोकं. भुवईतल्या बारीक भोकांतून दोरी नीट ओवलेली असावी, टोक बाहेर टोचत नसावं. दोरी कालांतराने पिवळी पडते, सैलावते. पण ती बदलणं कुठल्याही ऑप्टिशियनला सहज जमणारं काम आहे, त्यामुळे मी त्याला दोष मानत नाही.

एक सावधगिरी: दुकानातल्या नव्या फ्रेममधली नमुन्याची काच खडखडली म्हणून फ्रेमला नावं ठेवू नका. ती पातळ प्लास्टिकची असते आणि कोणीही काळजीपूर्वक बसवलेली नसते. तुमच्या नंबरची काच बसल्यावर खडखडली, तर मात्र जरूर परत करा.

धातू आणि मुलामा

स्वस्त जोडफ्रेमचा सांगाडा बहुधा जर्मन सिल्व्हरचा असतो. त्यात चांदी औषधालाही नसते, तांबं, निकेल आणि जस्त यांचा तो मिश्रधातू. मोनेल त्याहून टिकाऊ, गंजाला दाद न देणारा, पण त्यात जवळपास दोन-तृतीयांश निकेल. या दोन्हींना डाख सहज लागतो, म्हणजे ब्रिज तुटला तर जोडता येतो. स्टेनलेस स्टील पातळ असूनही ताठ राहतं. टायटॅनियम वजनाला स्टीलच्या जवळजवळ निम्मं आणि घामाला दाद देत नाही, मात्र तुटलं तर साध्या डाखाने जोडता येत नाही, लेझर वेल्डिंग लागतं. अंगठी-घड्याळाने ज्यांना खाज सुटते त्यांच्यासाठी निवड सोपी आहे: टायटॅनियम, किंवा नाक आणि कानशिलाला धातू लागणारच नाही अशी साच्यातली फ्रेम. युरोपात चष्म्याच्या फ्रेममधून त्वचेवर सुटणाऱ्या निकेलवर आठवड्याला दर चौरस सेंटिमीटरमागे ०.५ मायक्रोग्रॅम अशी मर्यादा आहे. पण मुलामा झिजल्यावर आतला धातू त्वचेला लागतोच, हे लक्षात असू द्या.

जुन्या अमेरिकन फ्रेम्सवर ‘१/१० १२के जीएफ’ असा शिक्का सापडतो. त्याचा अर्थ, धातूच्या वजनाचा एक-दशांश भाग बारा कॅरेट सोन्याचा आणि तो पत्रा उष्णतेने व दाबाने चढवलेला. आजच्या बहुतेक फ्रेम्सवर नुसतं सोन्याचं पाणी असतं, किंवा सोनेरी रंगाचा लेप. दोघांचं आयुष्य एकाच तागडीत तोलायचं नाही. म्हणून जुन्या, न वापरलेल्या फ्रेमचा मोह मला समजतो. पण तिच्या प्लास्टिकच्या भुवया आकसून धातूपासून सुटलेल्या असू शकतात, काचेचं माप बहुधा लहान असतं आणि जुळणारे स्क्रू शोधावे लागतात. धातू पाहून जुनी फ्रेम घ्यायची तर भुवया बदलाव्या लागतील हे धरूनच घ्या.

भुवईचं प्लास्टिक

अ‍ॅसिटेटच्या चांगल्या भुवया जाड पत्र्यातून कापून, लाकडी तुकड्यांबरोबर पिंपात फिरवून घोटलेल्या असतात. रंग आरपार असतो. कासवपाठी नक्षी काठावर आली की तुटत नाही, आतपर्यंत जाते. साच्यातल्या फ्रेममध्ये ती वरवर छापलेली असू शकते, तेव्हा कड निरखून पाहा. खालच्या काठावरून अंगठा फिरवा, धार लागता कामा नये. शिवाय अ‍ॅसिटेट गरम करून वळवता येतं आणि ते वळण धरून ठेवतं. लवचिक नायलॉनच्या फ्रेमला हे तितकंसं जमत नाही. ती पुन्हा मूळ आकारावर जाते, त्यामुळे कानामागे नीट बसवताना ऑप्टिशियनचा घाम निघतो.

बिजागरी, ठिपके, नाक

कोपऱ्यातले ते चकचकीत ठिपके म्हणजे रिव्हेट, म्हणजे भाग जोडणाऱ्या आरपार खिळी, असं सांगितलं जातं. खरे असतील तर त्यांची दुसरी टोकं मागे बिजागरीच्या पट्टीवर दिसतात. मागे काहीच नसेल तर ते चिकटवलेले दागिने आहेत. शोभेला हरकत नाही, पण ते मजबुतीचं लक्षण नव्हे. बिजागरीला तीन पाकळ्या आहेत की पाच की सात, यावर फार डोकं घालू नका. काडी अर्धी उघडून सोडा, ती तिथेच थांबली पाहिजे. आपोआप मिटली किंवा वर-खाली लचकली तर पाकळ्या कितीही असोत, काही उपयोग नाही. स्प्रिंगची बिजागरी सुखाची खरी, पण स्प्रिंग गेली की बहुधा अख्खी काडीच बदलावी लागते. या घाटात मी साधी पाच पाकळ्यांचीच घेईन. काडीत धातूची तार आहे का तेही पाहा, तारेमुळे कानामागचं वळण टिकतं.

ब्राउलाइनचं वजन वर आणि पुढे असतं, त्यामुळे ती नाकावरून घसरते. हा या घाटाचा जन्मजात स्वभाव आहे. त्यावर उतारा म्हणजे वाकवता येणारे नोज पॅड, म्हणजे नाकावर टेकणाऱ्या तारेवरच्या लहान गाद्या. पहिल्या जातीत ते असतात, दुसरीत कधी असतात कधी नसतात, तिसरीत बहुधा प्लास्टिकचे दोन ठोकळेच. नाकाचा दांडा बसका असेल तर या एका मुद्द्यावर तिसरी जात बाद. पॅडची तार रिमला जिथे डाखली आहे तिथे लहान, गुळगुळीत सांधा हवा. डाखाचे थेंब ओघळलेले दिसले तर उरलेल्या सांध्यांवरही फार विश्वास ठेवू नये.

काड्या मिटण्यापूर्वी फ्रेम उलटी करून सपाट टेबलावर ठेवा. भुवयांच्या कडा आणि दोन्ही काड्या एकाच वेळी टेकल्या पाहिजेत. किंचित डुगडुग ऑप्टिशियन काढून देतो. मात्र ब्रिज पिळला जाऊन दोन्ही काचा वेगवेगळ्या पातळीत गेल्या असतील तर तो दोष पुढे डोळ्यांना त्रास देतो.

कोणी कोणती घ्यावी

रोज, दिवसभर एकच चष्मा वापरणार असाल तर स्क्रूची जोडफ्रेम. वजन थोडं जास्त, पण प्रत्येक भाग बदलता येतो.

उणे नंबर मोठा असेल तर भुवई काचेची फक्त वरची जाडी झाकते, कानाकडची जाडी दिसतेच. तेव्हा घाटापेक्षा मापाकडे पाहा. काडीवर ५०-२० असं काही लिहिलेलं असतं, त्यातला पहिला आकडा काचेची रुंदी मिलिमीटरमध्ये सांगतो. तो जितका लहान तितकी कड पातळ. अधिक (प्लस) नंबरवाल्यांनी दोरीची फ्रेम टाळावी. त्यांची काच कडेला पातळ होत जाते, आणि खाच पाडायला साधारण २ मिमी तरी जाडी लागते. हलका किंवा मध्यम उणे नंबर असेल आणि चेहऱ्यावर ओझं नको असेल, तर दोरीची फ्रेम तिन्हींत सगळ्यात सुखाची.

चाळीशीनंतर प्रोग्रेसिव्ह काच (एकाच काचेतून लांबचं आणि जवळचं दिसणारी) घालायची असेल तर काचेची उंची पट्टीने मोजा, कारण ती काडीवर लिहिलेली नसते. बाहुलीच्या मध्यापासून खालच्या रिमपर्यंत काचेच्या प्रकारानुसार १४ ते १८ मिमी जागा लागते. रेट्रोच्या नावाखाली बसक्या केलेल्या कितीतरी फ्रेम्स इथेच नापास होतात, आणि त्यात तिन्ही जाती आल्या. मोजताना चष्मा नाकावर जिथे खरोखर थांबतो तिथे ठेवून मोजा. घसरणाऱ्या फ्रेममध्ये हे माप दर वेळी वेगळं येतं, म्हणून आधी पॅड बसवून घ्या आणि मगच बाहुलीची खूण करू द्या.