शिंपल्यांतील जड धातूंची चाचणी: मोजमाप चोख, अहवाल अपुरा

शिंपले, कालवे आणि खेकडे यांच्या मांसातील कॅडमियम, शिसे, पारा व आर्सेनिक मोजून देणाऱ्या एका खासगी प्रयोगशाळेची सेवा मी काही काळापासून वापरत आहे. मोजमापाबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती अहवालाबद्दल, कारण दिलेला आकडा प्राण्याच्या नेमक्या कोणत्या ऊतीचा आहे, हे त्यात लिहिलेलेच नसते.

ही बाब किरकोळ नाही. शिंपले पाणी गाळून अन्न मिळवतात. अनुकूल परिस्थितीत पूर्ण वाढलेले एक कालव दिवसाला १५० लिटरांहून अधिक पाणी गाळू शकते. पाण्यात विरघळलेला धातू मुख्यतः कल्ल्यांतून शरीरात शिरतो, तर गाळाच्या कणांवर आणि वनस्पतिप्लवकांत, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींत, असलेला धातू पचनमार्गातून शोषला जातो. आत गेल्यावर मेटॅलोथायोनीन ही गंधकयुक्त प्रथिने कॅडमियम, तांबे आणि जस्त यांना घट्ट धरून ठेवतात, आणि काही धातू पेशींमधील सूक्ष्म कणिकांत कोंडला जातो. त्यामुळे प्राण्याला होणारी इजा टळते खरी, पण धातू शरीराबाहेर पडत नाही. तो साठा खाणाऱ्याच्या वाट्याला येतो. शिवाय हा साठा शरीरभर सारखा पसरलेला नसतो. स्कॅलप या शिंपल्याच्या पचनग्रंथीत आणि मूत्रपिंडात कॅडमियम भरपूर सापडते, तर शिंपा मिटणाऱ्या स्नायूत ते फारच थोडे असते. खेकड्याच्या कवचातले तपकिरी मांस आणि पायांतले पांढरे मांस यांच्यातही असाच फरक आढळतो. मिथाइल पारा हे पाऱ्याचे सेंद्रिय रूप मात्र स्नायूंतील प्रथिनांशी बांधला जातो, त्यामुळे त्याच्या बाबतीत पचनग्रंथी काढून टाकण्याचा तेवढा उपयोग होत नाही.

नियमही हा भेद मानतात. युरोपीय महासंघाने द्विपुटी मृदुकायांसाठी, म्हणजे शिंपले, कालवे अशा दोन शिंपांच्या प्राण्यांसाठी, कॅडमियमची मर्यादा ओल्या वजनाच्या दर किलोग्रॅममागे १ मिलिग्रॅम ठेवली आहे, आणि खेकड्यांसारख्या कवचधारी प्राण्यांसाठी ठेवलेली ०.५ मिलिग्रॅमची मर्यादा केवळ पायांतील व पोटाकडील मांसाला लागू होते. या प्रयोगशाळेने मात्र माझे खेकडे सरसकट वाटून एकच आकडा कळवला. तो आकडा मर्यादेच्या वर होता की खाली, हा प्रश्नच अशा वेळी निरर्थक ठरतो. विचारणा केल्यावर त्यांनी पुढच्या खेपेपासून तपकिरी व पांढरे मांस वेगळे तपासून दिले. पण ते मागावे लागते, आणि पहिल्यांदा नमुना पाठवणाऱ्याला काय मागायचे हे ठाऊक असेलच असे नाही.

दुसरी उणीव वजनाची आहे. एका अहवालात आकडे ओल्या वजनावर आहेत की कोरड्या, याचा उल्लेख नव्हता. शिंपल्याच्या मांसात साधारण ८० टक्के पाणी असल्यामुळे कोरड्या वजनावरचा आकडा सुमारे पाचपट दिसतो. कोरड्या वजनावर ४ मिलिग्रॅम कॅडमियम वाचून घाबरणाऱ्याच्या हातातला माल प्रत्यक्षात ०.८ मिलिग्रॅमचा, म्हणजे मर्यादेच्या आतला असू शकतो.

प्रत्यक्ष काम मात्र खरोखर चोख आहे. नमुना नायट्रिक आम्लात मायक्रोवेव्हने विरघळवून आयसीपी-एमएस या धातूंचे अत्यल्प प्रमाण मोजणाऱ्या यंत्रावर मोजला जातो, आणि प्रत्येक खेपेसोबत प्रमाणित शिंपला-ऊतीचा (धातूचे प्रमाण आधीच ठाऊक असलेला) संदर्भ नमुना व नमुन्याविना केलेली कोरी चाचणी चालवून त्यांचे निकाल जोडले जातात. समुद्री मिठातील क्लोराइड आणि यंत्रातील आरगॉन यांच्या संयोगाने आर्सेनिकचा खोटा संकेत उमटतो. तो दाबण्यासाठी हेलियमचा वापर केल्याची नोंदही अहवालात असते. पोलादी सुरीमुळे क्रोमियम व निकेल मिसळण्याचा धोका असतो, म्हणून येथे सिरॅमिकच्या सुऱ्या वापरतात. नमुने पाठवण्यापूर्वी जिवंत शिंपले एक दिवस स्वच्छ समुद्री पाण्यात ठेवून आतड्यातील गाळ निघू द्यावा, ही त्यांची सूचनाही योग्यच आहे. मात्र त्यावरून ऊतींतला धातूही धुऊन निघतो, असा समज कोणी करून घेऊ नये. दोन दिवसांच्या शुद्धीकरणाने जिवाणू बरेच कमी होतात. कॅडमियम घटायला आठवडे किंवा महिने लागतात आणि शिजवल्याने तर ते नाहीसे होतच नाही.

राहिला आर्सेनिकचा मुद्दा. अहवालात केवळ एकूण आर्सेनिक येते. परंतु समुद्री प्राण्यांतील बहुतेक आर्सेनिक हे आर्सेनोबीटेन या जवळपास निरुपद्रवी सेंद्रिय रूपात असते, आणि काळजी करायची ती उरलेल्या अल्प असेंद्रिय भागाची. दोन्ही रूपे वेगळी करण्याची सोय येथे नाही. ती होईपर्यंत या एका धातूसाठी नमुने मी दुसरीकडे पाठवतो आणि कॅडमियम, शिसे व पारा यांच्यासाठी येथेच, मात्र मागणीपत्रावर ऊतीचे नाव आणि ‘ओले वजन’ हे शब्द स्वतः लिहून.