लिस्बनचं २४ तासांचं तिकीट: निवांत भटकायला एकदम वसूल
युरोपच्या लांबलचक ट्रिपमध्ये लिस्बनला एक दिवस मुद्दाम मोकळा ठेवलेला, कसलाच प्लॅन नाही, त्यासाठी हे तिकीट भारी पडलं. प्रवासाच्या कार्डावर भरून घ्यायचं, मेट्रो बस ट्राम सगळं चालतं आणि वेळ पहिल्यांदा टॅप केल्यापासून मोजतात, म्हणजे उशिरा उठणाऱ्यांचं पण नुकसान नाही (आमच्या घरात तेच जास्त).

२८ नंबरची पिवळी ट्राम सगळ्यांनाच हवी असते. जुना लाकडी डबा, अल्फामा या जुन्या वस्तीच्या गल्ल्यांत भिंतीला हात लागेल इतकी घासून जाते, पण मार्तिम मोनिझला, म्हणजे सुरुवातीच्या थांब्यावर, रांग बघूनच घाम फुटतो तेव्हा सकाळी लवकर गाठा आणि पाकीट सांभाळा, पाकीटमार असतात. पोर्तास दो सोलला उतरून तेजो नदी बघत बसलो तर सासूबाई म्हणतात, "अगो, हे तर आपलं पणजीचं फोंतेन्हासच, नुसतं डोंगरावर चढवलेलं!"

मग १५ नंबरच्या ट्रामने बेलें भागात. जेरोनिमोस मठात वास्को द गामाची कबर आहे, आमचे गोव्यातल्या वास्को गावचे भावजी फोटोला सगळ्यात पुढे. जवळच १८३७ पासूनचं पास्तेइश द बेलें हे दुकान, गरम कस्टर्ड टार्ट, वर दालचिनी, अहाहा! आत बसायला भरपूर जागा आहे, बाहेरची गर्दी बघून परत फिरू नका. अंडं असतं हां, सोमवारवाल्यांनी बघून घ्या.

चढ मात्र भयंकर आणि फूटपाथचे दगड पावसात घसरतात, चपला नकोत, बूटच घाला.