जपानी मुलांच्या वर्गात की परदेशी विद्यार्थ्यांच्या? एक्स्चेंजचा फॉर्म भरण्याआधी

डिसेंबरातली जेएलपीटी (जपानी भाषेची पातळी ठरवणारी परीक्षा) आटोपली की दर वर्षी ओळखीपाळखीतून मला फोन येऊ लागतात. कुणी रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जपानी शिकत असतं, कुणी टिळक महाराष्ट्र विद्यापीठात बी.ए. करत असतं. “ताई, जपानच्या विद्यापीठात एक्स्चेंजचं जमतंय. पण फॉर्मवर दोन पर्याय आहेत. जपानी मुलांबरोबर त्यांच्याच तासांना बसू, की परदेशी विद्यार्थ्यांसाठी वेगळा कोर्स असतो तो घेऊ?”

पैशाकडे बघून हे ठरत नाही, कारण खर्च दोन्हीकडे सारखाच. दोन विद्यापीठांत फीमाफीचा करार असला की फी इथल्या कॉलेजात भरायची, तिकडे माफ. राहणं, जेवण, विमा, तिकीट आपलं. जास्सोची (जपानची विद्यार्थी-सहाय्य संस्था) शिष्यवृत्ती लागली तर महिन्याला ८०,००० येन. (जपानी हाच मुख्य विषय असेल तर ‘निक्केनसेई’ही बघून ठेवा. ती एक्स्चेंज नव्हे, जपान सरकारची वेगळी शिष्यवृत्ती: दूतावासामार्फत निवड, महिना १,१७,००० येन, विमानाचं तिकीटही त्यांच्याकडून.)

मी गेले तेव्हा एन२ खिशात होती (जेएलपीटीत एन५ सगळ्यात सोपी, एन१ सगळ्यात अवघड) आणि मान ताठ. पहिल्याच आठवड्यात समाजशास्त्राचा तास. दीड तासाचा वर्ग, दोनशेच्या आसपास मुलं, सेन्सेई (म्हणजे सर) माइकमध्ये पुटपुटत होते आणि फळ्यावर जे लिहीत होते त्याला कांजी (जपानीतली चिनी चित्राक्षरं) म्हणायचं की डॉक्टरांचं प्रिस्क्रिप्शन, हे मला अजून उमगलेलं नाही. तरी अर्धंमुर्धं कळलं. खरी पंचाईत शेवटच्या दहा मिनिटांत झाली. ‘रिआपे’ द्यायचा होता. रिआपे म्हणजे रिअ‍ॅक्शन पेपर: आज जे ऐकलं त्यावर स्वतःचं मत लिहायचं आणि कागद देऊन बाहेर पडायचं. आजूबाजूची मुलं खरडून निघून गेली आणि माझ्या लक्षात आलं की आपण जपानीत मनाने एक परिच्छेदसुद्धा कधी सलग लिहिलेला नाही. जेएलपीटीत नुसते गोल काळे करायचे असतात. लिहायचं नाही, बोलायचं नाही. त्यामुळे सर्टिफिकेटवरची लेव्हल आणि वर्गात टिकायची लेव्हल यांत मोठं अंतर पडतं.

आपल्याला एक फायदा मात्र आहे, जो युरोपातल्या मुलांना नाही. क्रियापद शेवटी, हे आपल्याला शिकावं लागत नाही. ‘शिते मिरु’ म्हणजे करून बघणं, ‘शिते ओकु’ म्हणजे करून ठेवणं, ‘शिते शिमाउ’ म्हणजे करून टाकणं. ‘का-सा-ता-ना-हा-मा’ हा त्यांच्या अक्षरांचा क्रमही मुळात संस्कृत वर्णमालेवरून गेलेला. म्हणून आपली मुलं बोलायला लवकर लागतात आणि त्याच जोरावर फसतात. जोयो कांजी, म्हणजे रोजच्या वापरातल्या ठरवून दिलेल्या, २,१३६. चिनी-तैवानी मुलं पान वाचून संपवतात तेव्हा आपण तिसऱ्या ओळीवर शब्दकोश उघडून बसलेलो असतो. एन३वर अशा तीन विषयांचं वाचन घेतलं तर रात्री त्यातच जातात.

मग हा पर्याय घ्यावाच का? एका गोष्टीसाठी घ्यावा: झेमी, म्हणजे सेमिनारचा छोटा गट. दहा-पंधरा मुलं, एकच सेन्सेई, आळीपाळीने प्रेझेंटेशन, अडलं की सेन्पाई (वरच्या वर्गातली मुलं) हाताशी, आणि अधूनमधून सगळ्यांनी मिळून जेवायला जायचं. जपानी मुलं दोनशेंच्या वर्गात तोंड उघडत नाहीत, झेमीत उघडतात. माझं जपानी सुधारलं ते तिथे आणि त्यानंतरच्या जेवणात. (मी शाकाहारी. मिसो सूपमध्येसुद्धा माशाचं दाशी (उकळून काढलेलं पाणी) असतं. कुठे भात आणि एदामामे (सोयाबीनच्या कोवळ्या शेंगा), कुठे नुसत्या गप्पा.)

परदेशी विद्यार्थ्यांच्या कोर्सबद्दल पुण्यात एक तुच्छतेचा सूर असतो, तो मला पटत नाही. प्लेसमेंट टेस्ट घेऊन तुमच्या लेव्हलच्या वर्गात बसवतात, शिकवणारे सेन्सेई परदेशी मुलांना शिकवण्यात मुरलेले असतात, आणि ‘थांबा, कळलं नाही’ असं म्हणता येतं. दोनशेंच्या वर्गात ते कोण म्हणणार? दुपारी इंग्रजीतून जपानचं राजकारण, समाज असे विषय. तुम्ही अर्थशास्त्राचे विद्यार्थी असाल आणि जपानी एन५च्या आसपास, तर हाच रस्ता. त्यातही अकिता इंटरनॅशनल युनिव्हर्सिटी (स्थापना २००४) विषय इंग्रजीतूनच शिकवते आणि बेप्पूच्या रित्सुमेइकान एशिया पॅसिफिक युनिव्हर्सिटीत (२०००) जवळजवळ निम्मे विद्यार्थी परदेशी आहेत.

तोटा वर्गाबाहेर आहे. वर्गातले मित्र कोरियाचे, फ्रान्सचे, अमेरिकेचे, आणि सगळ्यांची मिळून भाषा इंग्रजी. एन३ घेऊन गेलेली आणि वर्षाने एन३च घेऊन परतलेली मुलं मी पाहिली आहेत. या कोर्सला जाणाऱ्याने बाइतो (पार्टटाइम नोकरी) करावाच. विमानतळावरच परवानगी मिळते, आठवड्याला २८ तासांची मर्यादा, आणि देशभराची सरासरी किमान मजुरी २०२३ पासून ताशी १,००० येनच्या वर आहे. कोन्बिनीच्या (चोवीस तास उघड्या छोट्या दुकानाच्या) गल्ल्यावर दोन महिने उभं राहिलं की आदरार्थी जपानी तोंडात बसतं. उलट जपानी मुलांच्या वर्गात बसणाऱ्याने पहिले काही महिने बाइतोचा विचारही करू नये.

शहरही बघा. तोक्योच्या निशि-कासाईत भारतीय दुकानं आहेत, मराठी कानावर पडू शकतं, घरची आठवण कमी येते आणि जपानीही कमी येतं. कानसाईत (ओसाका-क्योतोकडे) गेलात तर तिथली बोली ऐकून बाजारात पहिला महिना चक्रावाल. पुस्तकी मराठी शिकून कुणी थेट कोल्हापुरात उतरावं तसं. मी तरी कानसाईच सुचवेन.

आता कॅलेंडर, ज्याकडे कुणीच बघत नाही. जपानचं शैक्षणिक वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं आणि आपल्या परीक्षा एप्रिल-मेमध्ये, म्हणून आपली बहुतेक मुलं सप्टेंबरच्या प्रवेशाने जातात. पण झेमी एप्रिलमध्ये जमते, क्लबांची नवी भरती एप्रिलमध्ये होते. सप्टेंबरात एकाच सत्रासाठी जाऊन जपानी वर्ग घेतले, तर कान उघडेपर्यंत डिसेंबर उजाडतो आणि जानेवारीअखेर परीक्षा. सगळ्यात वाईट सौदा तो.

म्हणून सहा महिनेच मिळणार असतील तर एन२ असली तरी परदेशी विद्यार्थ्यांचा कोर्स घ्या. वर्ष मिळत असेल तर पहिलं सत्र त्या कोर्समध्ये काढा, लिहायची सवय करा, आणि एप्रिलपासून जपानी वर्गात उतरा. व्हिसासाठी बरीच विद्यापीठं आठवड्याला किमान सात वर्गांची (दीड-दीड तासाच्या) अट घालतात. त्या सातात तीन भाषेचे, दोन लेक्चरचे, एक झेमी आणि एक सुलेखन किंवा खेळासारखा हलका विषय ठेवा. एन३ असेल तर लेक्चर एकच, भाषा चार. हे क्रेडिट इथे धरणार का, ते निघण्याआधी विभागप्रमुखांकडून लेखी घ्या. तोंडी ‘बघू’वर विमानात बसू नका.

झेमीत बाहेरच्या विद्यार्थ्याला घेणं सेन्सेईंच्या मर्जीवर असतं. विद्यापीठाने ट्यूटर म्हणून जपानी विद्यार्थी दिला असेल तर विनंतीचा मेल त्याच्याकडून तपासून घ्या, आणि जानेवारीतच पाठवा. फेब्रुवारी-मार्चमध्ये सुट्टी असते, कॅम्पसवर चिटपाखरू नसतं.