लहान मच्छीमार होडीसाठी पंखा निवडताना : पिच, पाती आणि धातू यांचा तुलनात्मक आढावा

हर्णैपासून मालवणपर्यंतच्या किनाऱ्यावर बावीस ते सव्वीस फुटांची फायबरची होडी आणि तिच्या पाठीमागे ९.९ अश्वशक्तीचे आउटबोर्ड इंजिन ही जोडी सर्रास दिसते. लिलावाच्या वेळेआधी किनाऱ्याला लागायचे असते आणि त्यासाठी होडीचा वेग थोडा वाढावा, असे प्रत्येक मालकाला वाटते. इंजिन बदलण्याचा खर्च मोठा असल्यामुळे नजर साहजिकच पंख्याकडे (प्रोपेलरकडे) वळते, आणि दुकानात गेल्यावर बहुतेकांच्या तोंडी एकच मागणी असते : ‘जास्त पिचचा पंखा द्या.’ जाळी, बर्फ आणि मासळी घेऊन परतणाऱ्या होडीसाठी ही मागणी बहुधा चुकीची ठरते, असे माझे स्पष्ट मत आहे.

पंख्यावर दोन आकडे कोरलेले असतात. पहिला व्यासाचा आणि दुसरा पिचचा, दोन्ही इंचांत. लाकडात शिरणाऱ्या स्क्रूप्रमाणे पंखा जराही न घसरता एका पूर्ण फेऱ्यात जितका पुढे जाईल, ते अंतर म्हणजे पिच. त्यामुळे पिच वाढवली की वेग वाढतो, असा समज होतो. मात्र पाणी लाकडासारखे घट्ट नसते, आणि मोठ्या पिचचा पंखा फिरवायला इंजिनाला अधिक जोर लागतो. ढोबळ हिशेबाने पिच एक इंचाने वाढवली, तर आउटबोर्ड इंजिनाचे पूर्ण थ्रॉटलवरील, म्हणजे इंजिन पूर्ण जोरात सोडल्यावरचे, फेरे मिनिटाला सुमारे १५० ते २०० इतके उतरतात, आणि पिच एक इंचाने कमी केली तर तितकेच चढतात. पंख्याची निवड मुख्यतः या हिशेबावर उभी आहे.

उदाहरण म्हणून एक होडी घेऊ. इंजिनाच्या पुस्तिकेत पूर्ण थ्रॉटलला मिनिटाला ५००० ते ६००० फेरे अपेक्षित असल्याचे लिहिले आहे, गिअरचे गुणोत्तर २ आहे (म्हणजे इंजिनाच्या दोन फेऱ्यांत पंख्याचा एक फेरा होतो) आणि पंखा ९ इंच पिचचा आहे. भरलेल्या होडीत इंजिन ४६०० फेऱ्यांवरच अडकते आणि वेग ७ नॉट, म्हणजे तासाला ७ सागरी मैल, मिळतो. फेऱ्यांना पिचने गुणून, त्या गुणाकाराला गिअर गुणोत्तर आणि १२१५ यांच्या गुणाकाराने भागले, तर न घसरणाऱ्या पंख्याचा वेग नॉटमध्ये मिळतो. येथे तो सुमारे १७ येतो. म्हणजे प्रत्यक्ष वेग त्याच्या निम्म्याहूनही कमी आहे. ही घसर पूर्णपणे टाळता येत नाही, कारण पाणी मागे ढकलल्याशिवाय होडी पुढे जाणारच नाही, पण ती एवढी मोठी असेल तर हा पंखा हलक्या, वेगवान बोटीच्या मापाचा आहे आणि तो जड होडीला जोडला आहे, हे ओळखावे.

या होडीसमोरचे दोन पर्याय आता शेजारी ठेवून पाहू. ११ इंच पिचचा पंखा लावला, तर फेरे ४२००–४३०० पर्यंत घसरतील, ज्या फेऱ्यांना इंजिन आपली पूर्ण अश्वशक्ती देते तेथपासून ते आणखी दूर जाईल, आणि कमी फेऱ्यांत पूर्ण थ्रॉटलवर कुंथत चालणाऱ्या इंजिनाची झीजही वाढेल. ७ इंच पिचचा पंखा लावला, तर फेरे ४९००–५००० च्या आसपास येतील, इंजिन मोकळे चालेल आणि भरलेली होडी अधिक जोराने ओढली जाईल. कमी पिचच्या पंख्याचा व्यास अनेकदा थोडा मोठा असतो, आणि जड होडीला तो उपकारकच ठरतो. याची दुसरी बाजूही सांगायला हवी. रिकाम्या होडीत हाच पंखा फेरे ६००० च्या वर नेऊ शकतो, तेव्हा जाताना थ्रॉटल थोडा मागे घेण्याची सवय तांडेलाला (होडी चालवणाऱ्या प्रमुखाला) लावून घ्यावी लागेल. मासळी कमी मिळत असल्यामुळे होडी बहुतेक दिवस हलकीच परतत असेल, तर मधला ८ इंचांचा पंखा अधिक योग्य ठरेल.

येथे अपेक्षेला एक मर्यादा घालणे आवश्यक आहे. पाणी कापत, पोटावर तरंगत चालणाऱ्या होडीच्या वेगाला तिच्या पाण्यातील लांबीनेच वेसण घातलेली असते. फुटांतील त्या लांबीच्या वर्गमुळाला १.३४ ने गुणले की हा वेग नॉटमध्ये मिळतो. पाण्यात २२ फूट लांब असलेल्या होडीसाठी तो ६.३ नॉट येतो. अरुंद, हलकी होडी यापुढे थोडी जाते, पण प्रत्येक अर्ध्या नॉटची किंमत इंधनात मोजावी लागते. दहा सागरी मैलांचे अंतर ७ नॉटने सुमारे ८६ मिनिटांत संपते आणि ७.५ नॉटने ८० मिनिटांत. योग्य पंख्याने एवढी सहा मिनिटे वाचणे शक्य आहे, पण अर्धा तास वाचेल अशी आशा कोणी दाखवत असेल, तर त्यावर विश्वास ठेवू नये.

पात्यांच्या संख्येचा प्रश्न तुलनेने सोपा आहे. तीन पात्यांचा पंखा वरच्या वेगात किंचित सरस ठरतो, स्वस्त असतो आणि सर्व मापांत मिळतो. चार पात्यांचा पंखा लाटांवर होडी वरखाली होत असताना पाणी चांगले धरतो, थरथर कमी करतो आणि जाळे सोडताना किंवा ओढताना मंद वेगात होडी ताब्यात ठेवतो. त्याचे ओझे इंजिनावर थोडे अधिक पडते, म्हणून तो घेताना पिच एक इंच कमी धरावी. केवळ वेगच हवा असेल, तर तीन पाती पुरेशी आहेत. ज्याचा दिवस जाळ्याभोवती मंद गतीने फिरण्यात जातो, त्याने मात्र चार पात्यांचा विचार जरूर करावा.

धातूच्या बाबतीत विक्रेते स्टेनलेस स्टीलची शिफारस करतात आणि तिला आधारही आहे. त्याची पाती पातळ असूनही वाकत नाहीत, त्यामुळे त्याच मापाचा स्टीलचा पंखा ॲल्युमिनियमपेक्षा थोडा अधिक वेग देतो, आणि वाळूने त्याची धारही लवकर झिजत नाही. परंतु आपल्या खाड्यांच्या तोंडाशी वाळूचे दांडे आहेत आणि किनाऱ्यालगत खडपे आहेत. ॲल्युमिनियमचे पाते खडकावर आपटले, तर बहुधा पातेच वाकते किंवा तुटते आणि धक्का तिथेच जिरतो. स्टीलचे पाते सहजासहजी हार मानत नाही, त्यामुळे तो धक्का पंख्याच्या मध्यभागातल्या रबरी बुशाने पूर्ण झेलला नाही, तर शाफ्ट आणि गिअरपर्यंत पोहोचतो, आणि गिअरची दुरुस्ती पंख्याच्या किमतीहून कितीतरी महाग पडते. शिवाय स्टीलचा पंखा मुळातच कित्येक पट महाग असतो, आणि खाऱ्या पाण्यात स्टील व इंजिनाच्या पायाचे ॲल्युमिनियम एकत्र आल्यामुळे जस्ताच्या ॲनोडकडे (स्वतः झिजून इंजिनाचा धातू वाचवणाऱ्या तुकड्याकडे) अधिक लक्ष द्यावे लागते. ९.९ अश्वशक्तीच्या, वाळूवर ओढून ठेवल्या जाणाऱ्या होडीसाठी मी ॲल्युमिनियमच सुचवेन.

डिझेलचे इनबोर्ड, म्हणजे नौकेच्या आत बसवलेले, इंजिन असलेल्या नौकांचे गणित वेगळे आहे. तेथे पंखा बहुधा ब्राँझचा असतो आणि मोठा व्यास, कमी फेरे हेच तत्त्व लाभदायक ठरते. मात्र पात्याचे टोक आणि नौकेचा तळ यांत व्यासाच्या सुमारे १५ टक्के जागा हवी, म्हणजे २० इंची पंख्याला ३ इंच. पूर्ण थ्रॉटलला काळा धूर येत असेल आणि फेरे ठरल्या आकड्यापर्यंत चढत नसतील, तर पंखा मोठा झाला आहे असे समजून कारागिराकडून पिच कमी करून घेता येते.

पैसे खर्च करण्यापूर्वी सध्याच्या पंख्याची चाचणी अवश्य घ्यावी. तळाला आणि पात्यांना शिंपल्यांचा थर बसला असेल, तर आधी तो खरवडावा, कारण अशा होडीवर मोजलेले फेरे खोटे ठरतात. १ जून ते ३१ जुलै या पावसाळी मासेमारी बंदीच्या काळात होडी वर असतानाच हे काम आणि वाकलेल्या पात्यांची तपासणी करून घेतलेली बरी. हंगाम सुरू झाला की नेहमीचे इंधन, बर्फ, जाळी आणि माणसे घेऊन, स्पार्क प्लगच्या तारेला गुंडाळता येणारा साधा टॅकोमीटर (फेरे मोजणारे यंत्र) लावून, पूर्ण थ्रॉटलचे फेरे लिहून ठेवावेत. भरती-ओहोटीच्या ओढीचा परिणाम निघून जावा म्हणून जीपीएसवरचा वेग एकदा प्रवाहाबरोबर आणि एकदा प्रवाहाविरुद्ध घेऊन त्याची सरासरी काढावी. हे दोन आकडे आणि जुन्या पंख्यावर कोरलेले माप घेऊन दुकानात जावे, आणि एक खेप करून पाहिल्यावर पंखा बदलून मिळेल का, हे पैसे देण्यापूर्वी विचारून घ्यावे. नवा पंखा बसला तरी जुना मोडीत काढू नये. नट, कॉटर पिन आणि पाना यांच्यासह तो होडीतच ठेवावा, म्हणजे समुद्रात पाते तुटले तरी दुसऱ्या होडीच्या दोराची वाट न पाहता परतता येईल.