आरसी (रिमोट कंट्रोल) विमानाचं ‘कम्प्लीट पॅकेज’ घेताय? आधी हे वाचा

14,700 रुपये गेले. 9,500 जुन्या सेटचे: फोमचं हाय-विंग ट्रेनर (पंख वरच्या बाजूला असलेलं, शिकाऊंसाठीचं विमान), सहा चॅनेलचा रेडिओ, दोन लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटऱ्या, चार्जर. 2,000 मैदानावर शिकवण्याचा ॲडव्हान्स. आणि 3,200 ‘पायलट लायसन्स’चे. या 3,200 चा संताप सर्वांत जास्त, कारण ते लायसन्स मला लागतच नव्हतं. ड्रोन नियम 2021 नुसार दोन किलोपर्यंतचं मॉडेल हौसेखातर उडवायला पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही. माझं विमान जेमतेम किलोभराचं. लायसन्सच्या नावानं कुणी पैसे मागितले की तिथंच फोन ठेवा.

विकणारा माणूस अडाणी वाटला असता तर मी एक रुपयाही दिला नसता. पण तो सीजीबद्दल, म्हणजे विमानाच्या गुरुत्वमध्याबद्दल, बोलायचा, आधी सिम्युलेटरवर हात बसवा म्हणायचा, सुरुवातीला दोन रेडिओ केबलनं जोडू, तुमचं चुकलं की कंट्रोल मी घेईन, असं समजावायचा. सगळं बरोबरच होतं. नवख्या माणसानं यावर विश्वास ठेवायचा नाही तर कशावर?

खटकायला हवं होतं ते त्यानं पाठवलेल्या व्हिडिओत. एका क्लिपमध्ये त्याचे दोन्ही अंगठे स्टिकवर. दुसऱ्या क्लिपमध्ये नुसतं विमान, एलेरॉन (पंखांच्या कडेच्या हलत्या पट्ट्या) वरखाली होताना. मी म्हटलं, दोन्ही एकत्र दाखवा. तर म्हणे, “सर, मोबाइल धरायला कुणी नाहीये.” अरे, मग दोन्ही अंगठे स्टिकवर होते तेव्हा मोबाइल कोणी धरला होता? स्टँडवर असेल, तर तोच स्टँड दोन पावलं मागे नेता येत नव्हता? हे सुचलं पैसे पाठवून झाल्यावर. व्हिडिओ कॉलवरच बघा: हात, विमान, हलणारे एलेरॉन, सगळं एका फ्रेममध्ये. नाही म्हणाला तर सोडून द्या.

खोकं आलं तर रेडिओ एका कंपनीचा, रिसीव्हर वेगळ्याच प्रोटोकॉलचा. बाइंड होणं, म्हणजे दोघांची जोडणी, शक्यच नाही. एक बॅटरी टम्म फुगलेली, दुसरीच्या एका सेलला 1.9 व्होल्ट. इतका उतरलेला सेल चार्जला लावला तर पेट घेऊ शकतो, आणि घरात लहान मुलं आहेत हे मी त्याला सांगितलं होतं! सेल चेकरवरचे आकडे दाखवल्याशिवाय जुनी लिपो घेऊ नका. शिकवणीचा रविवार आला आणि त्यानं मला ब्लॉक केलं.

पुढचा मनस्ताप वेगळाच. बँक म्हणते, पिन तुम्हीच टाकलात. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार घेतली, नंबर दिला, पुढे काही नाही. पोलीस ठाण्यात साहेब हसले. “या वयात खेळण्याला एवढे पैसे?” मी कितीला काय घ्यावं हा प्रश्न आहे का? मग म्हणाले, वस्तू मिळाली ना, मग ही दिवाणी बाब. मग म्हणाले, माणूस दुसऱ्या जिल्ह्यातला, तिकडे जा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 173 सांगतं की गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, माहिती कुठल्याही ठाण्यात देता येते. ते छापून नेलं, तर कागद न वाचताच परत केला. चॅट, पावत्या, खोकं उघडतानाचे फोटो, सगळं माझ्याकडे आहे. बघायला कुणी तयार नाही.

त्याची जाहिरात अजून चालू आहे. तेच फोटो: पांढरे पंख, लाल पट्टे, डाव्या टोकाला चिकटपट्टी. किंमत आता 8,900. कुणाचं बोलणं चालू असेल तर आत्ताच थांबवा.